अक्काची पाठ

३ जून

चि. ठोंब्यास,

अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझे दोन फोन आले, मी उचलले नाहीत. रागावू नकोस. फोनवर तू समजावायला लागलास की मी नुसती हो-हो करते आणि ठेवला की एक अक्षर आठवत नाही. पत्र कसं, उशाशी ठेवून पुन्हा वाचता येतं. तेव्हा जे काय असेल ते लिहून पाठव.

गाठीच्या ऑपरेशनची जखम भरली. सोमवारपासून डाव्या छातीला किरणांचा शेक सुरू. आज सगळं दाखवून आणलं. खोली मोठी, गार, आणि दार हे एवढं जाड, तिजोरीला असावं तसं. मला फळीवर झोपवून सगळे बाहेर जाणार, दार लोटणार आणि छतातल्या कर्ण्यातून सांगणार, श्वास घ्या, धरा, सोडा. छातीवर काड्यापेटीएवढी डबी ठेवतात. श्वास भरला की डबी वर उचलली जाते, तशी समोरच्या पडद्यावर एक पट्टी चढते. पट्टी हिरव्या चौकटीत थांबली की किरण सुरू, घसरली की आपोआप बंद.

डॉक्टर म्हणाले, ही तुमच्या भावाने बसवलेली पद्धत, आमच्याकडे पहिल्या तुम्हीच. मी तिथे ऐटीत हसले. घरी आल्यावर मात्र भाजी चिरायची राहूनच गेली. खरं सांगते, मला भीती वाटते. आजाराची वाटतेच रे, पण जन्मभर शाळेत पोरांना कवायत शिकवली आणि आता मलाच साधा श्वास धरता आला नाही तर? पहिलीच बाई नापास झाली तर तुझ्या एवढ्या वर्षांच्या कामाचं काय होईल?

लेक घरचं सगळं बघते आणि माझ्याशी बालवाडीतल्या मुलाशी बोलावं तशी बोलते. ऐकून घेते झालं. तुझा लोभ आहेच, तो आता थोडा जास्त लागेल.

तुझी
अक्का

६ जून

ती. अक्कास,

शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र आलं आणि लगेच लिहायला बसलो. माझ्या कामाचं काय होईल, असं विचारतेस! काम गेलं चुलीत. तू फक्त स्वतःकडे बघ.

फोनवर जे सांगणार होतो ते असं. डाव्या छातीच्या मागे लगेच हृदय असतं. तू श्वास पूर्ण भरलास की फुप्फुस फुगतं आणि हृदय खाली, आत सरकतं. तेवढ्या वेळात किरण सोडायचे, म्हणजे छातीला मिळतात आणि हृदय वाचतं. एवढंच आहे सगळं. पडद्यावरची पट्टी म्हणजे परीक्षा नव्हे. दम संपला तर खुशाल सोड. मशीन थांबेल, पुन्हा सुरू होईल, कुणी गुण कापणार नाही.

तू खरं लिहिलंस, मीही लिहितो. आमच्याकडे संशोधनाच्या वेळी प्रत्येक बाईचा आठवडाभर सराव घेत होतो. काचेपलीकडे मी स्वतः उभा असायचो. आता तेच काम रोजच्या धबडग्यात जायचं आहे, जिथे बाहेर बाकांवर माणसं ताटकळलेली आहेत आणि सरावाला मोजून अर्धा तास मिळतो. सगळीकडे जावं म्हणून मीच धडपडलो, सभा घेतल्या, माणसांच्या मागे लागलो. आणि पहिल्याच खेपेला फळीवर माझी बहीण! इथून सांगत बसणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. झोप उडाली आहे. काही म्हणजे काहीही वेगळं वाटलं तर लगेच कळव.

तुझे आशीर्वाद नेहमीसारखेच राहू देत, ओरडलीस तरी चालेल.

तुझा
ठोंब्या

१५ जून

ती. मामास,

सा. न. वि. वि. हे पत्र आईला न सांगता लिहिते आहे. फोन करावा तर ती घरात, आणि आपल्या घराच्या भिंती तुला ठाऊकच आहेत.

मामा, आईची पाठ दुखते. आधी कधीच दुखत नव्हती. गेल्या आठवड्यात सुरू झालं, आता वाकून चप्पलसुद्धा घालता येत नाही. मी तेल चोळून देते तेव्हा दात आवळून बसते आणि म्हणते काही नाही गं, फळी कडक आहे. शेजारच्या काकूंच्या जावेला असंच झालं होतं. पाठ दुखते दुखते म्हणता म्हणता आजार मणक्यात उतरलेला निघाला, आणि मग फार दिवस नाहीच.

मी डॉक्टरांना विचारणार होते. दवाखान्यात त्यांच्यासमोर उभी राहिले आणि नुसत्या औषधांच्या वेळा विचारून परत आले. त्यांनी हो म्हटलं असतं तर मी काय केलं असतं? आई बाहेर येते ती हसतच. आज त्या मशीनवरच्या बाईंनी मला शाबास म्हटलं, असं रोज सांगते. मला ते ऐकवत नाही. तू खरं ते मला सांग, गोड करून सांगू नकोस. माझा जीव टांगणीला लागला आहे.

तुझी माया आमच्यावर आहे म्हणूनच हे लिहायचं धाडस केलं.

तुझी
भाची

१५ जून

चि. ठोंब्यास,

अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझी अक्का पास झाली बरं का! पहिले दोन दिवस माझी फजिती झाली. त्यात खोकला. निम्म्यातच दम संपायचा, पट्टी घसरायची, मशीन बंद. त्या बाई बिचाऱ्या पुन्हा पुन्हा सांगायच्या, आणि मी मनात म्हणायचे, झालं, आता हे म्हणणार बाईंना जमत नाही, आणि तुझी पद्धत गुंडाळून ठेवणार. बाहेर आले. जिन्यात बसून रडले, लेकीला कळू दिलं नाही.

मग तिसऱ्या दिवशी मला युक्ती सुचली. कवायतीत आपण काय सांगतो? छाती पुढे! श्वास कमी पडायला लागला की मी पाठ कमानीसारखी उचलून धरते. डबी वर जाते, पट्टी हिरव्या चौकटीत गप्प बसते. मधूनमधून नेम बरोबर आहे ना ते बघायला फोटो काढतात, त्याला थोडाच वेळ लागतो, तेव्हा श्वास खरा भरते. शेक लांबतो, तेव्हा पाठ. त्या दिवसापासून मशीन एकदाही थांबलेलं नाही, रोज शाबासकी! पाठ जरा भरून येते, पण तेवढं चालायचंच. लेक तेल चोळताना असं तोंड करते की जणू मी चाललेच.

तेव्हा आता शांत झोप. तुझं काम वाया जाऊ देणार नाही. माया असू दे, आणि जेवत जा.

तुझी
अक्का

२६ जून

ती. अक्कास,

शि. सा. न. वि. वि. भाचीचं आणि तुझं पत्र एकाच टपालात आलं. आधी तिचं उघडलं. तुझी पाठ दुखते एवढं वाचलं आणि मलाही मणक्याचंच भय वाटलं. मग तुझं वाचायला घेतलं. कमानीपर्यंत आलो तेव्हा क्षणभर एवढं हलकं वाटलं की मोठ्याने हसलो. मणक्यात काही नाही, वेडी पाठ उचलते आहे! पुढच्याच क्षणी कळलं की मी आगीतून फुफाट्यात पडलो आहे.

त्याच दिवशी तुझा शेक रद्द केला, म्हणून तू दवाखाना डोक्यावर घेतलास, असं डॉक्टर म्हणाले. मीच फोन करून थांबवायला सांगितलं होतं. अक्का, पाठ उचलली की डबी वर जाते, पण फुप्फुस फुगत नाही. हृदय असतं तिथेच राहतं. मशीनला डबी दिसते, ते समजतं श्वास भरला, आणि किरण सोडतं. आमच्याकडे इतक्या बायकांनी सराव केला, एकीनेही असं केलं नाही, कारण त्यांच्यात तुझ्यासारखी कवायतीची बाई नव्हती. शिवाय त्या आमच्या डोळ्यांसमोर असायच्या. ही चूक होऊ शकते हे आमच्या डोक्यातच आलं नाही.

मग तुला दोन्ही प्रकारे झोपवून फोटो काढले, श्वास भरून आणि पाठ उचलून. त्यावरून हिशोब केला. बहिणीचा हिशोब भावाने करू नये म्हणून तो माझ्या सहकाऱ्याने केला. मी मागे उभा होतो. तीनदा करायला लावला.

आता ऐक. तेवढ्या दिवसांत हृदयाच्या पुढच्या कडेला किरण लागले आहेत. फार नाहीत, पण लागलेच नाहीत असं मी म्हणू शकत नाही. काही होईल का, तर बहुधा नाही. पण शपथेवर सांग म्हणशील तर नाही सांगता येत. असलं नुकसान आज दिसत नाही, उद्या दिसत नाही. झालं असेल तर ते दहा वर्षांनी कळेल. हे वाक्य लिहायला मला चार दिवस लागले.

आता तुझी पाठ फळीला टेकलेली आहे ना, हे शेक चालू असेपर्यंत वेगळ्या कॅमेऱ्यातून बघत राहतील. ही पद्धत जिथे जिथे गेली तिथेही तेच करायला कळवलं आहे. तुझे डॉक्टर म्हणाले, पद्धत थांबवायची का? मी म्हटलं, नको. अक्का, मला फार भीती वाटते. जे तुझ्यासारखीला वाचवायला केलं त्यानेच तुला काही झालं तर मी काय करू? आई गेल्यावर तूच आहेस.

रागावली असशील तर दोन ओळींत रागाव, पण उत्तर पाठव.

तुझा
ठोंब्या

३० जून

चि. ठोंब्यास,

अनेक आशीर्वाद. वि. वि. रागावले होते. शेक रद्द झाल्यावर त्या मशीनवरच्या बाईंवर ओरडले, मग तुझं पत्र आल्यावर जाऊन माफी मागितली. त्या माझ्याहून जास्त घाबरलेल्या. दोघी रडलो. आता रोज पाठ टेकवून घेते, दम संपला की सोडते, मशीन थांबतं, पुन्हा सुरू होतं. वेळ लागतो. बाहेरची माणसं चुळबुळ करतात, करू देत.

तुझं पत्र स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचत होते. दहा वर्षांनी कळेल, तिथवर आले आणि मटकन खालीच बसले. लेक धावत आली. तिला वाटलं छातीत कळ आली. मी रडतही होते आणि हसतही होते, तिला काही समजेना. तिने पत्र ओढून घेतलं, वाचलं, आणि तुला नको नको ते बोलली.

अरे, गाठ सापडल्यापासून माझ्याशी कुणी पुढच्या महिन्यापलीकडचं बोललेलं नाही. डॉक्टर म्हणतात, पुढच्या तपासणीला बघू. लेक म्हणते, आजचा दिवस गेला ना बरा, झालं तर. मीसुद्धा परवा चष्म्याची काच बदलायची की जुनीच चालवायची यावर अडून बसले होते, म्हटलं कशाला उगीच. आणि तू मेल्या, घाबरून, माझ्याशी दहा वर्षांचं बोललास. एवढी घाबरलेली असूनही मला ती ओळ पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटते.

भीती गेली असं नाही. पट्टी चढायला लागली की अजून डोळे तिच्यावरून हलत नाहीत, आणि आता हृदयाचीही धास्ती आहे, ती तुझ्या कृपेने. पण ती भीती खरी ठरायलासुद्धा मला दहा वर्षं काढावी लागतील. तेव्हा मी बहात्तरची असेन. हृदयाच्या डॉक्टरकडे मी एकटी जाणार नाही आणि लेकीला नेणार नाही, ती आधीच रडायला लागते. तू यायचंस. आत्ताच सांगून ठेवते, नंतर सबबी नकोत.

तोवर लोभ असू दे.

तुझी
अक्का