पाळकीणबाईंची दीक्षा

पप्पा, सलाम लिहीत नाही. आपल्या ख्रिस्ती लोकांत भेटल्यावर आधी सलाम म्हणतात हे ठाऊक आहे, पण तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली तरी तुमच्यावरचा माझा राग काही थकलेला नाही, तेव्हा उगाच नाटक नको. आपल्या चर्चचं राष्ट्रीय अधिवेशन या वेळी मी तीन दिवस मोबाइलवर पाहिलं. तुम्ही प्रतिनिधी म्हणून ट्रंक घेऊन दोन दिवसांचा प्रवास करायचात. मी शाळेच्या स्टाफरूममध्ये डबा खाता खाता जाऊन आलो. बिशपांनी घसा खाकरलेलाही ऐकू येतो. खाली लोक सारखे 'आमेन' लिहीत असतात, ठरावालाही आमेन, चहाच्या सुट्टीलाही आमेन. संस्कृत मात्र तुम्ही शिकवलंत म्हणून अजून पोट भरतं. कॅम्प पाचमधली सिंधी मुलं शिकवणीला येतात आणि स्पष्ट सांगतात, "सर, अर्थ मत बताओ, सिर्फ स्कोरिंग वाला करवाओ." तुमच्यापेक्षा प्रामाणिक आहेत.

तुम्ही चर्चचे पाळक, पण तुमचे रविवारचे उपदेश मम्मी लिहायची, हे आपल्या तिघांनाच माहीत होतं. शनिवारची दुपार, अंबरनाथचं ते स्वयंपाकघर, आणि ती ओट्यापाशी पाटावर बसलेली. एका हाताशी निवडायची मेथी, दुसऱ्या हातात पेन्सिल, संडे स्कूलच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहितेय. तुम्ही बाहेरच्या खोलीत 'चिंतन' करताय, म्हणजे घोरताय. रविवारी एमआयडीसीतली पहिली पाळी सुटली की उपासना. माणसं कंपनीच्या कपड्यांतच येत, अंगाला केमिकलचा वास, आणि मम्मीची वाक्यं तुमच्या तोंडून ऐकून डोळे पुसत. एकदा मी दारात एका काकांना सांगून टाकलं, "आजचा संदेश मम्मीचा होता." घरी आल्यावर तुम्ही चप्पलसुद्धा काढली नाहीत. म्हणालात, "पाळकाच्या घरात जीभ आवरायची असते. मंडळीला मेंढपाळ एकच लागतो." मी बारा वर्षांचा. मम्मी पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही, एवढंच आठवतं, आणि तेच मला आजही सहन होत नाही.

मग ते अधिवेशन, ज्यात बायकांना पाळक करायचं का हा ठराव पहिल्यांदा आला. तुम्ही परत आलात ते अधिवेशनाचं चिन्ह छापलेली कापडी पिशवी घेऊन. मम्मीला म्हणालात, "ही तुझ्यासाठी." वर सांगितलंत, फुशारकीनं, की तुम्ही विरोधात हात वर केलात. "बायका पुलपिटावर उभ्या राहिल्या तर पुरुषांनी जायचं कुठे?" मम्मी म्हणाली, "बाकांवर. बरेच रिकामे असतात." तुम्ही हसला नाहीत. पुढच्या शनिवारी तिनं पुन्हा पेन्सिल घेतली. एखादा शनिवार तिनं कागद कोरा ठेवला असता तर तुम्ही काय बोलला असतात, हा विचार मी अजूनही मिटक्या मारत करतो.

तर यंदा तो ठराव पास झाला. मी मधल्या सुट्टीत पाहिला, हात वर झालेले, टाळ्या. आणि पाच मिनिटांत आपल्या मराठी मंडळीच्या पेजवर कोणीतरी घाईघाईनं पोस्ट टाकली: 'पाळकीणबाईंच्या दीक्षेला मंजुरी, प्रभूची स्तुती असो.' आता बाई पाळक झाली तर तिला काय म्हणायचं, हे आपल्याकडे कोणी ठरवलेलंच नाही. कधी गरजच पडली नाही. आणि पाळकीणबाई म्हणजे पाळकाची बायको, हे अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत शेंबड्या पोरालाही कळतं. त्यामुळे लोकांनी अर्थ घेतला तो असा की पाळकांच्या बायकांना आता दीक्षा मिळणार, त्याही पाळक होणार. झालं. खाली मम्मीच्या नावानं रांग लागली. 'अभिनंदन पाळकीणबाई!' 'आमच्या बाईंना उशिरा का होईना न्याय मिळाला, उपदेश त्यांचेच तर होते.' कॅम्प पाचमधल्या सिंधी आंटी: 'लख लख वाधायूं!' म्हणजे तुमच्या त्या मंडळीला सगळं माहीत होतं, पप्पा. एवढी वर्षं. तुम्ही सोडून कोणीच फसलं नव्हतं.

बदलापूरच्या बेलवलीहून मम्मीचा फोन आला. एक्याऐंशी वर्षांची आहे, आवाज मात्र पळत आल्यासारखा. "अरे, वाचलंस का? आम्हाला पण देणार म्हणे. गुडघे टेकायला लावतात ना त्यात? माझ्यानं टेकवणार नाही. खुर्चीवर बसून चालतं का, विचार ना कोणाला तरी." मी "बघतो" म्हणालो. ठरावात वयाची अट होती, धर्मशास्त्राच्या पदवीची अट होती. ती दोन्हींत बसत नव्हती.

फोन ठेवला आणि तुमचा मुलगा कामाला लागला. पेजवर मी स्वतःच्या नावानं नाही. कमळाचं चित्र आणि 'व्याकरणप्रेमी'. लिहिलं: 'दुरुस्ती. स्वतः शिकवते ती आचार्या, आचार्यांची पत्नी ती आचार्यानी. संस्कृतात हा भेद आहे, मराठीतही असावा. ठराव महिला पाळकांविषयी आहे, पाळकीणबाईंविषयी नाही. कृपया चुकीचं अभिनंदन थांबवावं.' काय सुबक झालं होतं! मी दोनदा वाचलं. शाळा सुटेपर्यंत पोस्ट बदलली, अभिनंदनं एकेक करून पुसली गेली.

संध्याकाळी बेलवलीला गेलो. ती खिडकीपाशी मोबाइल नाकाजवळ धरून बसली होती. म्हणाली, "हा व्याकरणप्रेमी कोण रे? बरोबर आहे त्याचं, चूक काही नाही. पण घाई काय झाली होती मेल्याला? एक रविवार तरी जाऊ द्यायचा."

तुमच्याबद्दल मी वर जे लिहिलंय त्यातलं एक अक्षर मागे घेत नाही. फक्त हे पत्र मी तिच्या हाती लागेल असं ठेवणार नाही. कारण मी तिला म्हणालो, "असेल कोणी रिकामटेकडा," आणि चहा टाकायला आत गेलो.