साक्षीची काच

ता. ४ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ.

पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली काळा पट्टा आलाय, हे तुझ्या वहिनीने कळवलंच असेल. तिच्या पोटात काही राहत नाही. डॉक्टरांनी काल तिथला तुकडा काढून तुमच्याच प्रयोगशाळेत पाठवला. काळेपणा साकळलेल्या रक्ताचा असेल तर काळजी नाही, कातडीच्या रंगाचा असेल तर वाईट गाठीची शंका, मग अंगठाच काढावा लागेल म्हणतात. अंगठ्याशिवाय शिडीवर चढून उंच भिंती कशा रंगवू? घरात हसतो, पण खरं सांगू, भ्यालोय. जन्मभर मी रंग लावले, आता तू माझ्या तुकड्याला लाव. एकही हात कमी पडू देऊ नकोस.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून,
दादा

ता. १० फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

थोडा दम धर. कातडीचा रंग, म्हणजे मेलॅनिन, आमच्या चांदीच्या द्रावणात काळाकुट्ट होतो. रक्ताचा होत नाही. काल तुझ्या तुकड्याचा काप बसवलेली काच काळी झाली नाही. मी उडीच मारणार होते, पण सोबतची काच पाहिली. दर वेळी मेलॅनिन असलेल्या कातडीची एक काच आम्ही साक्षीला बसवतो. तीही कोरीच! म्हणजे द्रावणच बिघडलेलं. बाटली धुण्यात कुचराई झाली. तो निकाल गेला केरात.

मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, भावाची काच दुसऱ्या कुणाला दे. मी म्हटलं, तुम्ही शेजारी उभ्या राहा, चांदी मीच तयार करणार. मला माझं काम येतं, दादा.

तुझी,
ठमी

ता. १२ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

साक्षीची काच काळीभोर झाली. तुझी तपकिरीच राहिली! मग रक्तातलं लोह दाखवणारा रंग लावला, तर निळीशार. साकळलेलं रक्तच आहे. पेशीही ठीक आहेत. बाईंनी स्वतः बघून सही केली. कुठे ठेचकाळलास, आंधळ्या? मी हात धुवायला गेले आणि नळापाशी मनसोक्त रडले.

माया आहेच, ती वाढव,
ठमी

ता. १६ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ.

पत्र वहिनीने तीनदा मोठ्याने वाचलं. मी लगेच रंगकामातल्या जोडीदाराकडे गेलो, आता चढणं संपलं म्हणून गुपचूप त्याला देऊन टाकलेली शिडी खांद्यावर घेतली आणि चालत घरी आलो. वहिनी दारातच होती. तिने विचारलं, शिडी घरातून गेली कधी होती? मग ती बाजूला झाली आणि शिडीचं दुसरं टोक तिने धरलं.

तुझ्या हातांना यश लाभो,
दादा