‘चालेल’चं इंग्रजी

बाबा, गेल्या आठवड्यात तुमच्या कारखान्यातले एक गृहस्थ भेटले आणि तुमची बदली माझ्यामुळे झाली नव्हती हे मला कळलं. वीस-बावीस वर्षं मी ते ओझं घेऊन फिरतेय. देश बदलला, पासपोर्ट बदलला, चष्म्याचा नंबर तीनदा बदलला, पण ते काही उतरलं नाही. आणि उतरलं कुठे, तर इथे परदेशात, बुओना व्हिस्टाला, एका मैत्रिणीच्या कॉन्डोतल्या फ्लॅटमध्ये, दीड दिवसाच्या गणपतीसमोर, हातात खिरापतीची वाटी असताना. मैत्रिणीचे सासरे पुण्याहून आले होते. तिने ओळख करून देताना माझं माहेरचं आडनाव सांगितलं, वडील अमेरिकन गाड्यांच्या कंपनीत होते तेही सांगितलं. त्यांनी वाटी खाली ठेवली, मला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "म्हणजे तुम्ही चालेलकाकांच्या कन्या?"  जो शब्द मी स्वतःच्या घरातसुद्धा जपून वापरते, तो हे गृहस्थ सगळ्या पाहुण्यांसमोर खणखणीत आवाजात उच्चारत होते.

तुम्ही गाडी ऐकायचात. लाइनच्या शेवटी गाडी तयार होऊन आली की एकेक दार उघडून लावायचात, मग आत बसून डोळे मिटायचात आणि ड्रायव्हरला ती खडबडीत ट्रॅकवरून न्यायला सांगायचात. कुठे काही खुळखुळलं, किरकिरलं, की गाडी परत. नाही वाजलं, तर तपासणीच्या कागदावर शेवटच्या रकान्यात शेरा. बाकीचे इन्स्पेक्टर ओके लिहायचे, तुम्ही लिहायचात ‘चालेल’. मी एकदा विचारलं होतं, तुम्ही का नाही ओके लिहीत? तर भाकरी मोडता मोडता तुम्ही म्हणालात की ओके काय, लोक चहालाही म्हणतात. गाडी घेणारा एकच प्रश्न विचारतो, चालेल का, त्याचं हे उत्तर आहे. आणि मग तुमची गाडी नेहमीप्रमाणे कंपनीच्या इतिहासावर घसरली. घोड्याच्या बग्ग्या बनवणाऱ्यांनी मोटारी कशा काढल्या, लढाईत त्याच कारखान्यांतून लष्कराचे ट्रक कसे निघाले, आपल्याकडचे राजेरजवाडे आणि सिनेमावाले त्यांच्या लांबलचक गाड्या कशा मिरवायचे, सगळं तोंडपाठ. जणू आपल्या पणजोबांनीच काढलेली कंपनी. आई म्हणायची, स्वतःच्या घराण्याचं एवढं कधी सांगितलं नाहीत मला.

समोरच्या ब्लॉकमधले काका मुद्दाम खोडी काढायचे. अमेरिकन गाडी म्हणजे दिसायला हत्ती आणि पेट्रोल प्यायलाही हत्ती, एक पार्ट मागवला तर तो येईपर्यंत मुलाचं लग्न होऊन जाईल, त्यापेक्षा जपानी घ्या, असं काय काय. तुम्ही चिडायचा नाहीत. नाव मोठं झालं की बोलणी खावी लागतात, म्हणायचात, आणि कंपनीनेही काही कमी चुका केलेल्या नाहीत. पण माझ्या हातून गेलेली एक गाडी खुळखुळताना आणून दाखवा आणि मग बोला. एरवी इतका मवाळ माणूस, या एका वाक्याला मात्र आवाजाला धार यायची. काका पुढच्या रविवारी पुन्हा सुरू करायचे.

मग अमेरिकेहून तपासनीस आले. आपल्याकडे कंपनीचं नाव नुकतंच कुठे बसत होतं आणि ते सांभाळायचं म्हणून हे लोक कागदन्‌कागद बघत होते. त्यांना ढीगभर कागदांवर एकच न वाचता येणारा शब्द दिसला. तुमच्या हातात नोटीस पडली: हा शेरा काय, याचा अर्थ काय, इंग्रजीत लेखी खुलासा करा. तुम्ही ती घरी आणलीत. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, घरातली एकमेव इंग्रजी माध्यमवाली, आणि त्याचा माज चिकार. कॉलेजच्या सहलीची बस अर्ध्या तासात सुटणार होती. आई ओट्यापाशी पोळ्या लाटतेय, मी शेजारी उभी राहून, पीठ लागू नये म्हणून कोपर वर धरून, तुमचा खुलासा लिहितेय. चालेल म्हणजे ‘इट विल डू’, मी लिहिलं. म्हणजे भागेल. म्हणजे फार काही धड नाही, पण घ्या चालवून. एवढ्या मोठ्या कंपनीच्या तपासनिसाला मी लिहून दिलं की माझे वडील प्रत्येक गाडीवर ‘घ्या चालवून’ असा शेरा मारतात. तुम्ही चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवत ठेवत कागद वाचलात. एके ठिकाणी तीन शब्द खोडलेले होते. "हे काय खोडलंस?" तुम्ही विचारलंत. स्पेलिंग चुकलं होतं, मी म्हटलं आणि सॅक उचलली. "गाडी पळेल, हा अर्थ आलाय ना यात?" आलाय हो बाबा, आलाय, म्हणत मी जिना उतरले.

महिन्याभरात तुमची स्टोअरला बदली झाली. लाइनवरून उठून थेट पार्टांच्या रॅकमध्ये. जेवताना तुम्ही एवढंच म्हणालात, "बरं आहे तिथे. आता ऐकावं लागत नाही."  म्हणजे इतके दिवस ऐकावं लागत होतं! साहेबांची बोलणी, आणि तीही माझ्या एका ओळीपायी. ती ओळ त्यांना कशी वाटली असेल हे तोवर मला पुरतं उमगलं होतं. तीन-चार दिवस मी धीर गोळा केला. रविवारी सकाळी तुम्ही नळाखाली पिंप लावून उभे होतात, मी मागे येऊन उभी राहिले आणि म्हटलं की बाबा, चुकलं माझं, माझ्या पत्रामुळे झालं हे सगळं. तुम्ही वळला नाहीत. पिंप भरेपर्यंत तसेच उभे राहिलात, नळ बंद केलात, झाकण ठेवलंत, मग मला बघून म्हणालात, "चहा टाकतेस का?" मी चहा टाकला. मला वाटलं, हेच तुमचं उत्तर. रागावणार नाहीत, पण माफही करणार नाहीत. पुढे तुम्ही गप्पच होत गेलात. हाक मारली तरी ओ द्यायचा नाहीत, रेडिओ मोठ्ठा लावून बसायचात. त्या सगळ्याला कारण मीच, असं मी धरून चालले. तुम्ही गेलात तेव्हाही मी तुमच्या उशाशी हेच घेऊन बसले होते.

हसू नका, पण मी इथे चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेत ग्राहकांना जाणारी पत्रं तपासते. एकेक शब्द तीनदा वाचते, आणि टीममधली पोरं माझ्या मागे काय बोलतात ते मला माहीत आहे. घरी लेकीला मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीतच येतं. तरी मी तिला कधीही, काहीही भाषांतर करून दे म्हणत नाही. शेजारच्या चिनी आजींचं बोलणं मला कळत नाही, तिला कळतं, तरी नाही. नवरा म्हणतो, अगं, तेवढंच शिकेल ना पोर. मी विषय बदलते.

तर हे गृहस्थ. तेव्हा ते चाळिशीत, दुसऱ्या कंपनीतून तुमच्या खात्यात नुकतेच आलेले इंजिनिअर होते. मी त्यांना बाल्कनीत नेलं आणि सगळं भडाभडा सांगून टाकलं. म्हटलं, एकदाचं काय ते कळू दे. ते आधी हसले. म्हणाले, "अहो, ते पत्र त्या अमेरिकन साहेबाकडे गेलंच नाही." तुम्ही ते टाइप करून घ्यायला त्यांच्याकडे नेलं होतंत. त्यांनी वाचलं आणि सांगितलं, काका, याचा अर्थ भलताच होतोय. मग दोघांनी मिळून कागद खिडकीपाशी उजेडात धरला आणि खोडल्याच्या रेघेखाली काय आहे ते वाचलं. ‘इट विल रन’. पळेल, चालेल. तेच टाइप झालं, तेच साहेबाला गेलं, आणि साहेब म्हणे खूश झाला. शेजारी ओकेही लिहीत जा, एवढंच म्हणाला. तेव्हापासून तुमच्या कागदावर दोन्ही असायचं, ओके चालेल. "आणि काका काय म्हणाले ठाऊक आहे? म्हणाले, बघा, पोरीने बरोबर लिहिलं होतं." एवढ्या वर्षांनी त्यांना ते जसंच्या तसं आठवत होतं.

मग बदली? मी विचारलं. ते म्हणाले, ती तर काकांनी स्वतः मागून घेतली. तुमचे कान जात होते, बाबा. बारीक आवाज आधी गेले. तुम्हाला संशय आला तेव्हा तुम्ही यांना एक स्क्रू दाराच्या खणात टाकायला सांगितलंत आणि दोघं ट्रॅकवरून फिरून आलात. यांना तो सबंध वेळ खुळखुळताना ऐकू येत होता. तुम्ही गाडीतून उतरताना विचारलंत, टाकलाय ना? दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही अर्ज दिलात, मराठीत, स्वतःच्या हाताने. वरच्यांनी समजावून पाहिलं, आवाज मोजायचं यंत्र आणू म्हणाले. तर तुम्ही म्हणालात, "कंपनीचं नाव शंभर वर्षांचं आहे. ते माझ्या कानांवर टांगून ठेवू नका." आणि यांना बजावलंत की घरी बोलू नका, सगळे माझ्याशी ओरडून बोलायला लागतील.

माझा जीव भांड्यात पडला. आता ऐकावं लागत नाही! अहो, किती साधं वाक्य होतं. आणि तो रविवार. नळ धो धो वाहतोय, मी तुमच्या पाठीमागे उभी, आणि पुटपुटतेय. तुम्ही मला माफ करायचं नाकारलं नव्हतंत, तुम्हाला ऐकूच आलं नव्हतं. मी त्या बाल्कनीत आधी रडले आणि मग मला हसू आवरेना. ते गृहस्थ घाबरून सुनेला पाणी आणायला सांगत होते. दुसऱ्या दिवशी आईला फोन केला तर ती म्हणे मला माहीत होतं की, कान गेलेले बायकोला कळत नाहीत होय. मग मला का नाही सांगितलंस? "तू विचारलंस कधी? तू आपली तोंड पाडून फिरायचीस. आम्हाला वाटलं, प्रेमभंग झालाय."

परतताना लेकीने विचारलं, ममा, व्हाय वेअर यू क्राइंग? मग मी तिला एमआरटीच्या ट्रेनमध्ये बसून सगळी गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "बट ममा, चालेल इज जस्ट ‘कॅन’, ला." इथे हॉकर सेंटरमध्ये खाण्याचे गाळे चालवणाऱ्या काकूंपासून शाळेच्या बसवाल्यापर्यंत सगळे एवढंच म्हणतात. होईल, जमेल, चालेल, सगळं त्या एका कॅनमध्ये. तुमच्या त्या साहेबाला इकडूनच बोलावायला हवं होतं. आमचं सेंगकांग स्टेशन येईपर्यंत आम्ही दोघी हसत होतो.

कंपनीचं पुढचं तुम्हाला कळलं नाही, ते बरंच झालं. तुमच्यामागे काही वर्षांनी तिने आपल्याकडचा गाशा गुंडाळला, कारखान्यावरची पाटी उतरली. तिकडे अमेरिकेत ती पार गुडघ्यावर येऊन पुन्हा उभी राहिली, तुम्ही ते रंगवून सांगितलं असतंत. गृहस्थांकडे तिची एक गाडी अजून आहे, तुम्ही पास केलेली. पार्टांसाठी वणवण करावी लागते, तेवढं समोरचे काका बरोबर ठरले, पण चालते. इथे तर चांगल्या धडधाकट गाड्याही दहा वर्षांत मोडीत जातात, परवानाच तेवढा असतो. तुम्ही हळहळला असतात. आमच्या कार पार्कमध्ये तुमच्या कंपनीची एक निळी गाडी उभी असते. काल मी मुद्दाम तिच्या बाजूने गेले, तेवढ्यात मालकाने उतरून दार लावलं. मला त्यातलं काही कळत नाही, पण आवाज छान आला.

आता दुपारचे तीन वाजलेत, लेक क्लासला गेलीय आणि मी जेवणाच्या टेबलावर तिच्याच वहीचे मागचे कागद फाडून हे लिहितेय. हे कुठे पोचायचं नाही, म्हणून तर लिहिता येतंय. बदलीचं ओझं उतरलं, खरंच उतरलं, बाबा, कित्येक वर्षांनी मी ऑफिसात एक पत्र एकदाच वाचून पुढे पाठवलं. पण पोरीने बरोबर लिहिलं होतं, असं तुम्ही म्हणालात ना, ते काही केल्या पचत नाही. ‘इट विल रन’ मीच आधी लिहिलं होतं. मग मला ते शाळकरी वाटलं. साहेब माझ्या इंग्रजीला हसेल असं वाटलं, आणि ‘इट विल डू’ मी कुठल्याशा कादंबरीत वाचलं होतं, ते ऐटदार वाटलं. अर्थ बदलतोय हे मला दिसत होतं. तुम्ही बोट ठेवून विचारलंत, तेव्हाही दिसत होतं. स्पेलिंग चुकलं नव्हतं, बाबा.