विनीला मीच मारलं

३ फेब्रुवारी १९९४, लीड्स
अकरा वर्षं टीव्ही मालिका लिहिली. आता बास. जूनमध्ये माझी कादंबरी येतेय. लोकांनी एकदा तरी मला लेखक म्हणावं, एवढंच हवंय. जाता जाता मालिकेतल्या चिप्सवाल्या विनीला मारणार. बाईनं अकरा वर्षं बटाटे तळले आणि माझं डोकंही. प्रेक्षक रडतील. दुसरं येतंय काय त्यांना?

७ फेब्रुवारी
निर्माती ग्लेनिस म्हणाली, डेरेक, प्रेत दाखवू नकोस रे बाबा. बोट बुडाली असं लिही, म्हणजे पुढेमागे परत आणता येईल. ही यांची कला! मी प्रेत दाखवलं. दहनही. राख समुद्रात सोडली. आणा म्हणावं आता परत.

११ मार्च
काल विनीच्या मरणाचा भाग लागला. सकाळी दूधवाला बाटली पायरीवर आपटून गेला. बायको रोना म्हणाली, आई जेवत नाहीये. विचारतेय, विनीनं तुझं काय घोडं मारलं होतं? सासूबाईंना साहित्यातलं काय कळतंय. दुर्लक्ष.

१८ जून
कादंबरी आली. पुस्तकाच्या दुकानात सह्यांचा कार्यक्रम. गर्दी बेताची, पण निवडक. (एक जण पावसातून आडोशाला आला होता.) सगळ्यांचा एकच प्रश्न, विनी खरंच गेली का हो? एका बाईनं पुस्तक घेतलं. म्हणाली, सही विनीच्या नावानं करा. केली. विक्री ती विक्री.

२ सप्टेंबर
समीक्षक गप्प. दडपून गेले असणार. प्रकाशक म्हणतो, उरलेल्या प्रतींचा लगदा करतोय. गाढवाला गुळाची चव काय! रोना म्हणाली, ग्लेनिसला फोन कर. मेलो तरी करणार नाही.

३ सप्टेंबर
ग्लेनिसला फोन केला. तिची चौकशी करायला. मालिकेचे प्रेक्षक घटलेत म्हणे. परत घेते म्हणाली, पण विनीला घेऊन ये. मी म्हटलं, तिची राख झाली. ती म्हणाली, जाळताना मला विचारलं होतंस? आता तुझं तू निस्तर.

४ सप्टेंबर
नवा भाग लिहिला. चिप्सचं दुकान. दार उघडतं. विनीची जुळी बहीण, ऑस्ट्रेलियाहून आलेली. म्हणते, तेल गार झालंय, कुणीतरी शेगडी पेटवा.
सासूबाईंना फोनवर वाचून दाखवलं. त्या नाक शिंकरून म्हणाल्या, आता शोभलास लेखक.
पुन्हा वाच म्हणाल्या. वाचलं.