रिंगेवरचे तीन ठिपके

बाबा, आज तो राखेवाला ट्रक माझ्या पुढ्यात उभा आहे. तोच, चारही चाकांना जोर असलेला, कोराडीच्या वीजकेंद्राच्या राखेच्या बांधावर चालायचा तो. मालकानं भंगारात काढण्याऐवजी आमच्या प्रशिक्षण संस्थेला शिकवायला देऊन टाकला. सकाळी मी पाठीखाली पोतं टाकून त्याच्याखाली सरकले, पुढचा प्रोपेलर, म्हणजे पुढच्या चाकांकडे जोर नेणारा तो फिरता दांडा, उतरवला, आणि जे दिसलं त्यानं माझं डोकंच सणकलं. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. तरी भांडायला दुसरं कुणी सुचेना, म्हणून पोरांना जेवायला पिटाळून जॉबकार्डाच्या कोऱ्या पाठीवर हे खरडत बसले आहे.

तुम्हाला तो दिवस आठवत नसेल असं मी मुळीच मानत नाही. जरीपटक्याचं आपलं गॅरेज, उन्हानं तापलेला पत्रा, आणि त्या ट्रकचा ठेकेदार स्टुलावर पाय हलवत बसलेला. ट्रकचा ट्रान्सफर फुटला होता, म्हणजे इंजिनाचा जोर पुढच्या-मागच्या चाकांत वाटून देणारा तो डबा. तुम्ही मिलिटरीच्या जुन्या गाड्यांतला एक डबा भंगारवाल्याकडून उचलून आणला आणि खुशीत होता. मागचा प्रोपेलर तुम्ही बसवला, आपले दोन ठिपके मारले. पुढचा माझ्याकडे दिला. आपल्याकडची रीतच होती ती. जोड ज्याच्या हातचा, त्यानं पंचनं दोन्ही बाजूंना आपली खूण करायची, तुमचे दोन ठिपके, माझे तीन. म्हणजे पुढे कधी उघडला तर जसा होता तसाच बसेल, आणि काम कुणाचं तेही कळेल. खूण केल्याशिवाय गाडी दाराबाहेर काढायची नाही, हे तुम्हीच मला शिकवलं होतं.

मी प्रोपेलरच्या टोकाची भोकांची चकती, फ्लँज, डब्याला लावून पाहिला. चारही भोकं बरोबर समोरासमोर आली. पण मधे जो गोल उंचवटा असतो, ज्यावर प्रोपेलर नेमका मध्यावर बसतो, तो या डब्याचा बारीक होता. मापाचा वर्निअर लावला. चांगलं दीड मिलिमीटरचं अंतर. म्हणजे प्रोपेलर मध्यावर नाही, नुसता बोल्टांवर लटकणार, गाडी जोर लावेल तसा थरथरणार आणि एक दिवस बोल्ट तुटणार. मी म्हटलं, "बाबा, भोकं जुळतात, पण बैठक नाही जुळत, दीड मिलिमीटरची फट आहे." तुम्ही वाकून बघितलंसुद्धा नाही. ठेकेदाराकडे बघून हसलात. "भोकं जुळून राहिले ना? मंग काहून डोकं खाऊन राहिली वं? दोन पुस्तकं काय वाचले, बापाले शिकवून राहिली!" ठेकेदारही खो खो हसला. म्हणाला, "मिस्त्री, पोट्टीले लग्नाचं पाहा आता, वर्निअर काय करते ती." आणि तुम्ही काय केलंत? तुम्हीही हसलात! परक्या माणसासमोर, माझ्याच कामावरून. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते बाबा, काही दुधपिती नव्हते. लेथवाल्याकडून एक रिंग कातून आणायची, त्या फटीत बसवायची, एका तासाचं काम होतं. "जाऊ दे, कस आता, गाडी उद्या बांधावर पाहिजे त्याइले," असं म्हणून तुम्ही हात धुवायला गेलात.

तिसऱ्या दिवशी बांधाच्या चढावर बोल्ट तुटले. एका टोकानं सुटलेला प्रोपेलर गरगरत ब्रेकचा पाइप तोडून गेला, आणि भरलेला ट्रक मागे घसरून कलंडला. ड्रायव्हर काकांचा डावा पाय दरवाजात चेंगरला. गॅरेजात सगळे मला 'पोट्टी' म्हणायचे, तेच एकटे 'मिस्त्रीणबाई' म्हणायचे. त्यांच्या पायानं पुन्हा कधी क्लच दाबला नाही. आणि ठेकेदार तणतणत आला तेव्हा, मी तिथंच, हातभर अंतरावर उभी असताना, तुम्ही म्हणालात, "पोट्टीनं बसवला होता जी. माहं ध्यान नव्हतं."

तुमचं ध्यान नव्हतं? अहो, तुमच्या तोंडावर सांगितलं होतं मी! आकडा सांगितला होता! इतकी वर्षं झाली, तरी ते वाक्य आठवलं की कानशिलं तापतात. बाजारभर झालं, बाईच्या हातचं काम म्हणे. माझ्या हाताखाली कुणी गाडी लावेना. आईनं विचारलं तर तुम्ही भाकरी मोडत म्हणालात, "झालं ते झालं." कुणाचं झालं? तुमचं गॅरेज चालूच राहिलं, माझं सुटलं. मी संस्थेत शिकवायला लागले त्या सकाळी तुम्ही तुमचा वर्निअर कापडात गुंडाळून माझ्या पिशवीत टाकलात आणि स्कूटरला किक मारून निघून गेलात. मी तो वर्निअर कधी वापरला नाही. रागानं कपाटात टाकून दिला, अजून तिथंच आहे.

आणि आज काय बघते? त्या पुढच्या जोडात रिंग आहे. सुरेख कातलेली, दीड मिलिमीटरची फट तंतोतंत भरणारी. अपघातानंतर ट्रक तुमच्याकडेच दुरुस्तीला आला होता आणि मी तोवर गॅरेज सोडून गेले होते. म्हणजे तुम्ही मोजलंत. माझा आकडा खरा निघाला हे तुम्हाला कळलं. बरं, एवढ्यावर थांबावं ना? रिंगेच्या कडेवर पंचनं ठिपके मारलेत, आणि ते दोन नाहीत. तीन आहेत. माझे. काम तुमच्या हातचं, खूण माझी.

वा, बाबा! माफी मागायची तर ही अशी? ट्रकच्या पोटात, ग्रीसखाली, जिथं ती वाचायला मला पाठीवर झोपून आत शिरावं लागलं? ठेकेदारासमोर बोलायला तोंड होतं, मग माझ्यासमोर कुठं गेलं होतं? आपण शेवटच्या दिवाळीला शेजारी बसून चिवडा खाल्ला, तेव्हा म्हणायचं होतं, "तुहं बरोबर होतं वं." पाच शब्दसुद्धा नाहीत हे. मी रडले असते, भांडले असते, आणि प्रकरण मिटलं असतं. त्याऐवजी तुम्ही खूण करून मोकळे झालात, आणि मी इतकी वर्षं एकटीच जळत राहिले.

इथवर लिहून थांबले होते. पोरं जेवून परत येताहेत, दारात त्यांच्या चपला वाजताहेत. हा कागद कुठं धाडायचा नाही, वर्निअरच्या कापडातच जाईल, तेव्हा उरलेलंही लिहून टाकते. तुम्ही हात धुवायला गेलात तेव्हा ड्रायव्हर काका माझ्यासमोरच उभे होते, चाकाची हवा बघत. त्यांना बाजूला घेऊन "काका, ही गाडी नेऊ नका" म्हणायला अर्धं मिनिटही लागलं नसतं. मी नाही म्हटलं. मी चारही बोल्ट मन लावून कसले, आणि कसताना मनात म्हणत होते, सुटू दे, एकदा सुटूच दे, मग कळेल बाबांना. नंतर जोड उघडताना तुम्ही खूण शोधलीच असणार, आणि ती तुम्हाला सापडली नसणार. त्या दिवशी मी माझे तीन ठिपके मारलेच नव्हते बाबा. तो जोड सुटणार हे मला माहीत होतं, आणि त्यावर मला माझं नाव नको होतं.