आधीचा रकाना

॥ श्री ॥
एरंडोल, गुरुवार, २४ नोव्हेंबर १९८८

ती. आत्याबाईंस,
हेमलताचा शि. सा. न. वि. वि.

दिवाळीच्या पत्रात मी तुम्हाला एक गोष्ट चुकीची लिहिली. ती आधी दुरुस्त करते. नाना ध्यानाला बसले की त्यांची नाडी बहात्तरवरून चाळीसवर येते, असे मी लिहिले होते. चाळीस खरे आहेत. बहात्तर मी मोजलेलेच नव्हते.

नानांच्या वहीत दोन रकाने आहेत, 'आधी' आणि 'नंतर'. सप्टेंबरपर्यंत दोन्हींत चार-पाच ठोक्यांचाच फरक पडायचा. सहा ऑक्टोबरला सकाळी त्यांनी आसनावर बसून हात पुढे केला, तेव्हा मिनिटाला बेचाळीस भरले. नुकताच जिना चढून आलेल्या माणसाची नाडी इतकी मंद असणार नाही, मीच चुकले, असे वाटले. तोवर त्यांनी डोळे मिटले होते. पुन्हा हात मागायला संकोच वाटला. मी 'आधी'त आदल्या दिवशीचा आकडा, बहात्तर, उतरवला. ध्यानानंतर एकेचाळीस आले, ते खरे लिहिले. नाना इतके आनंदले की दुसऱ्या दिवसापासून मी आधीची नाडी मोजणेच सोडले. हात धरायचा, घड्याळाकडे पाहायचे आणि बहात्तर लिहायचे. आज पन्नास दिवस झाले.

परवाच्या रविवारी नाना चहा पीत वर्तमानपत्र वाचत होते, कापसाच्या भावावरून सरकारला नावे ठेवत होते. घड्याळाचा पट्टा सैल झालाय का पाहते, असे सांगून मी मोजले. चाळीस. तेव्हा ध्यान नव्हते, काहीच नव्हते.

दम्यामुळे मी पाचवीपर्यंत शाळेत गेले नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. वरणगावच्या फॅक्टरीतून गेज, म्हणजे मापाची यंत्रे, तपासून आले की नाना मला शिकवायचे. त्यांचा पहिला धडा होता की काटा जिथे आहे तिथे वाचायचा, जिथे हवा तिथे नाही. तो धडा मी त्यांच्याच वहीत मोडला. आता त्यांच्या पुस्तकाचे चौथे प्रकरण ह्या तक्त्यावर उभे आहे आणि जळगावच्या छापखान्यात त्याचे खिळे जुळताहेत. शिवाय बारा डिसेंबरपासून ते तीन दिवस माडीवर बसणार आहेत, फक्त पाण्यावर, आतून कडी लावून. पंधराला जळगावचे एक प्रोफेसर येतील तेव्हाच दार उघडायचे. आतून आवाज आला नाही तरी हाक मारायची नाही, असे मला बजावले आहे.

तुम्ही तीस वर्षे दवाखान्यात काढलीत. चाळीस ही काळजीची गोष्ट आहे का, तेवढे स्पष्ट लिहा.

चुकलेल्या भाचीवरची माया कमी करू नका.
हेमलता

धुळे, सोमवार, २८ नोव्हेंबर १९८८

चि. हेमा हीस आत्याचे अ. उ. आ.

माझं बठ्ठं बरं शे. पाय प्लॅस्टरमध्ये घालून डब्यावर ठेवलाय, आणि शेजारची कमलबाई भाकरी करून देते. तिची भाकरी अशी, की तीच पायाला बांधली असती तरी हाड जुळलं असतं. तिला सांगितलं तर म्हणते, सिस्टरबाई, दात आहेत तोवर बोलून घ्या.

आता तुझं. स्पष्ट लिही म्हणालीस म्हणून लिहिते. माझ्या वॉर्डात साक्रीकडचा तोताराम म्हणून एक गडी होता. नाडी अडतीस. दिवसभर हसायचा, मला काय धाड भरलीये म्हणायचा. डॉक्टर म्हणाले, हृदयाच्या वरच्या कप्प्याचा निरोप खालच्या कप्प्याला पोचत नाही. यंत्र बसवावं लागेल, मुंबईला न्या. चिठ्ठी तयार होती. तिसऱ्या दिवशी सकाळी पेज घेऊन गेले, तर उठला नाही. तोंडावर हसू तसंच होतं.

तुझ्या बापाचं तेच असेल असं मी म्हणत नाही. कार्डिओग्राम काढल्याशिवाय कुणीच म्हणू नये. पण त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येते का, चालता चालता मधेच बसतो का, जिन्यावर दम लागतो का, हे बघ. आणि काहीही झालं तरी त्याला कडी लावू देऊ नकोस.

मी त्याला भरीत खायला बोलावलंय, बामणोदची वांगी आलीत म्हणून. नाडीबद्दल चकार शब्द लिहिला नाही. मी लिहिलं तर म्हणेल, अक्काला प्रत्येक खाटेवर मढंच दिसतं. लहानपणापासून तो माझं ऐकत नाही, वहीचं ऐकतो. म्हणून वही तूच दुरुस्त कर, पोरी. पाय धड असता तर आजच निघाले असते.

म्हातारीला पत्राची वाट बघायला लावू नकोस.
तुझी प्रमिलाआत्या

एरंडोल, गुरुवार, १ डिसेंबर १९८८

ती. अक्कास,
लीलाधरचा सा. न. वि. वि.

भरिताचे आमंत्रण पोचले. वांगी पंधरा तारखेपर्यंत टिकली तर टिकली, नाहीतर कमलबाईंना खाऊ घाल म्हणजे भाकरी सुधारेल. सोळाला मी स्वतः येतो आणि पुस्तकाची पहिली प्रत तुझ्या प्लॅस्टरवर ठेवतो.

तू आयुष्यभर देह पाहिलास, मी काटे पाहिले. तीस वर्षे यंत्रांची मापे घेतल्यावर मला एकच प्रश्न उरला, की काटा वाचणारा स्वतः यंत्राचा भाग आहे का. ऋषी म्हणतात नाही, प्रयोगशाळा म्हणते मोजून दाखवा. मी मोजतो आहे. नाडी बहात्तरवरून एकोणचाळीसवर उतरते, हृदय निम्मे थांबते, तरी आतला साक्षी पूर्ण जागा असतो. दिवा मंद झाला म्हणून पाहणारा मंद होत नाही. हे मी श्रद्धेने म्हणत नाही, तक्त्यावरून म्हणतो. हेमाच्या वहीत एकही खाडाखोड नाही. ते प्रकरण मी तिलाच अर्पण केले आहे.

आणखी एक, फक्त तुला सांगतो. मंगळवारी जिन्यावर डोळ्यांपुढे काळोख दाटला. क्षणभर मी नव्हतो, आणि तरी कोणीतरी ते नसणे पाहत होते. भानावर आलो तेव्हा पायरीवर बसलो होतो आणि दूध खालपर्यंत ओघळले होते. ज्या अवस्थेसाठी लोक हिमालयात जातात, ती मला दुधाचे पातेले हातात असताना मिळाली. हेमाला मांजराने सांडले असे सांगितले. पोर भित्री आहे.

रागावलीस तरी धाकट्यावर हात ठेव.
लीलाधर

एरंडोल, गुरुवार, ८ डिसेंबर १९८८

ती. आत्याबाईंस,
हेमलताचा शि. सा. न. वि. वि.

नानांचे पत्र तुम्ही तसेच पाकिटात घालून पाठवलेत, ते आज दुपारी मिळाले. तुमच्या प्रश्नांची उत्तरे त्यातच आहेत. त्या दिवशी जिना मीच पुसला आणि मांजरालाही मीच रागावले.

वही दुरुस्त करायला सांगितलेत, ते अजून झालेले नाही. सोमवारी मी वही घेऊन माडीवर गेले होते. तेवढ्यात नानांनी छापखान्यातून आलेली अर्पणपत्रिका वाचून दाखवली. 'जिचा हात कधी चुकला नाही, तिला.' माझे डोळे भरले, तर विचारले काय झाले. मी चुलीच्या धुराचे नाव सांगितले. म्हणाले, आपल्याकडे चार वर्षे गॅस आहे. आणि हसले.

हेही कबूल करते की, चूक कळल्यानंतरही मी वहीत बहात्तरच लिहीत आले. खरे आकडे वेगळ्या कागदावर ठेवले आहेत. आज सकाळी ध्यानाआधी छत्तीस होते.

नानांचा साक्षी खोटा आहे असे मी म्हणत नाही. ते मला कळत नाही. मला फक्त रकाना खोटा आहे एवढे कळते, आणि तो मी लिहिला आहे.

शनिवारी छापखान्याचा माणूस शेवटची तपासलेली प्रुफे न्यायला येणार आहे. त्याच्या आत हे झाले पाहिजे. माडीच्या दाराची आतली कडी मी आज काढली. चारही स्क्रू मिठाच्या बरणीमागे आहेत. पण कडी काढणे ही चोरीच झाली, ते पुरे नाही. नाना आसनावर बसले की डोळे मिटण्याआधी मी त्यांना थांबवणार आहे. त्यांचे फॅक्टरीचे स्टॉपवॉच समोर ठेवीन आणि त्यांचीच बोटे त्यांच्या नाडीवर ठेवून त्यांना मोठ्याने मोजायला लावीन. येईल तो आकडा 'आधी'त लिहीन. मग सहा ऑक्टोबरपासूनच्या चौसष्ट नोंदी त्यांच्यासमोर लाल शाईने खोडून प्रत्येकीखाली सही करीन. चौथे प्रकरण त्याबरोबर जाईल. कदाचित ते पुन्हा कधी आपला हात माझ्या हातात देणार नाहीत. तेही मी धरून चालले आहे. फक्त सव्वानऊच्या धुळे गाडीत माझ्याबरोबर बसावेत.

हे पत्र तुम्हाला मिळेल तेव्हा आम्ही एकतर तुमच्या दारात असू किंवा नसू. कार्डिओग्रामसाठी शब्द टाकून ठेवा. आशीर्वाद आताच द्या, पत्र मिळायची वाट पाहू नका. कारण मी बोलणार आहे ती वेळ उद्याची, शुक्रवार, ९ डिसेंबर, सकाळी सात.

तुमची हेमलता