अकराव्या पानावरचा अंगठा

भावोजी,

नमस्कार लिहीत नाही. तुमची तेवढी लायकी राहिलेली नाही.

पूल कोसळला, एकोणीस माणसं गेली आणि चौकशी तुमच्याकडे आली. आधी तुम्ही अभियंत्याची बदली केलीत, मग दोन्ही कारकुनांची. दाराला आतून कडी लावलीत आणि टायपिंगला बायकोची बहीण आणून बसवलीत. विरोधकांनी सभागृहात विचारलं, चौकशीला माणसं किती? मंत्र्यांनी तुम्ही लिहून दिलेलं उत्तर वाचलं, "पुरेशी." म्हणजे तुम्ही आणि मी!

पुलाला तडा गेल्याचं आपण तीनदा कळवलं होतं, असा जबाब रखवालदाराने दिला. त्याला सही येत नाही, म्हणून पानापानावर त्याचा डावा अंगठा होता. तुम्ही त्या ओळी गाळून अकरावं पान माझ्याकडून पुन्हा टाइप करून घेतलंत आणि शाईचा पॅड पुढे सरकवलात. "उठव गं, अंगठा कोण बघतंय? घरचंच काम आहे." ताईच्या संसाराकडे बघून मी उठवला.

काल त्या रखवालदारालाच अटक झाली. आणि तुम्ही जेवताना ताईला म्हणालात, "तुझी बहीण गुणी हो, तोंडातून शब्द काढत नाही."

हे पत्र तुम्हाला देणार नाही. उद्या सकाळी ते रखवालदाराच्या वकिलाच्या टेबलावर असेल. मीही आत जाईन, ठाऊक आहे मला.

खाली सही करत नाही. डावा अंगठा उठवते, म्हणजे अकराव्या पानाशी ताडून बघायला सोपं जाईल.

तुमच्या घरचीच